गादी नागपूरची, मर्जी रेसिडेंटची

निवडणुकीचे वारे वाहू लागले की नागपूरच्या दक्षिण सीमेवरील बेसा भागात संध्याकाळच्या गप्पांना एक निराळाच रंग चढतो. एका पिढीपूर्वी जेथे शेते होती तेथे आता बहुमजली इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींत निवृत्त अधिकारी, प्राध्यापक, बँकेतून मोकळे झालेले गृहस्थ राहतात. त्यांची मुले-मुली अमेरिकेत, जर्मनीत, ऑस्ट्रेलियात आहेत. साहजिकच अंगणातल्या बाकावर बसून एक गृहस्थ सांगतात, ‘‘काल रात्री चिरंजीवांचा फोन आला होता. तिकडच्या वर्तमानपत्रांत आपल्या या पुढाऱ्याविषयी काय काय छापून येते आहे! म्हणतो, बाबा, यंदा मत देताना जरा विचार करा.’’ त्यावर दुसरे गृहस्थ उसळून म्हणतात, ‘‘अहो, उलट आमची कन्या म्हणते, तिकडे आपल्या याच पुढाऱ्याला केवढा मान आहे ते तुम्हाला इथे बसून कळायचे नाही!’’ वाद रंगतो, डास चावू लागतात, मंडळी उठून घरी जातात. दोघेही सद्‌गृहस्थ आपापल्या परीने सुशिक्षित, देशाभिमानी आणि सरळ मनाचे. परंतु आपल्या पुढाऱ्याची परीक्षा तिकडच्या कसोटीवर करावयाची, एवढ्या एका बाबतीत या दोन प्रतिपक्ष्यांचे संपूर्ण एकमत आहे, ही गोष्ट मात्र दोघांच्याही ध्यानात आलेली नसते.

राष्ट्राने आपला नेता निवडताना परक्यांच्या मताला किती किंमत द्यावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ परराष्ट्र खात्याचा नाही. तो बेशाच्या अंगणातला प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. त्या अंगणापासून घटकाभराच्या वाटेवर सीताबर्डीची टेकडी आहे. तिच्यावरचा किल्ला वर्षातून मोजक्याच दिवशी लोकांसाठी उघडतो, आणि ते दिवस सोडले तर तिच्याखालून रोज जाणाऱ्या नागपूरकराला तिची आठवणही होत नाही. ती व्हावी, एवढ्यासाठी आम्ही तो इतिहास येथे थोडा विस्ताराने सांगणार आहोत.

दुसरे रघूजी भोसले मार्च १८१६ मध्ये वारले. १८०३ मध्ये अडगावची लढाई हरल्यावर आणि देवगावचा तह करावा लागल्यावर त्यांनी इंग्रजांचा रेसिडेंट नागपुरात नाइलाजाने येऊ दिला. परंतु तैनाती फौजेचा फास मात्र त्यांनी अखेरपर्यंत गळ्यात पडू दिला नाही. त्यांच्या मागे राहिलेला पुत्र परसोजी शरीराने पंगू व बुद्धीने दुर्बळ होता. कारभार कोणी पाहावा, यावरून दरबारात दोन तट पडले. परसोजीचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांचा हक्क वस्तुतः भक्कम होता, कर्तबगारीही होती. पण दरबाराच्या पसंतीची वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यापाशी नव्हता. ते रेसिडेंट जेंकिन्सकडे गेले. मे १८१६ मध्ये दरबाराला अंधारात ठेवून त्यांनी तैनाती फौजेच्या तहावर सही केली, आणि जे मरेपर्यंत चुलत्याने दिले नाही ते पुतण्याने स्वतःच्या कारभारीपदाच्या बदल्यात देऊन टाकले.

पुढचा क्रम पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी महालात मृतावस्थेत आढळला आणि आप्पासाहेब राजे झाले. त्यांना मान्यता देण्यात कंपनीला तेव्हा कसलीच अडचण वाटली नाही. मग मात्र आपल्या गळ्यात काय पडले आहे हे त्यांना उमगले. पेशव्यांकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रे त्यांनी नोव्हेंबर १८१७ मध्ये उघडपणे स्वीकारली, आणि २६ व २७ नोव्हेंबर या दोन दिवशी सीताबर्डीच्या टेकडीवर जो रणसंग्राम झाला त्यात भोसल्यांचा पराभव झाला. परसोजीच्या खुनाचा आरोप आप्पासाहेबांवर ठेवण्यात आला तो त्यानंतर, १८१८ मध्ये! आप्पासाहेब अनुकूल होते तोवर जो प्रश्न कोणी विचारला नव्हता, तो ते प्रतिकूल होताच न्यायबुद्धीला टोचू लागला. आप्पासाहेब कैदेतून निसटले, महादेवाच्या डोंगरात हिंडले आणि १८४० मध्ये दूर जोधपूरच्या आश्रयास असताना वारले.

रिकाम्या गादीवर कोणाला बसवावयाचे हे आता जेंकिन्सने ठरविले. दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, वयाने लहान असलेला बाजीबा, तिसरा रघूजी म्हणून जून १८१८ मध्ये गादीवर आला. बाकाबाई राजवाड्यात नावाची पालनकर्ती, आणि राज्याचा सारा व्यवहार १८२६ पर्यंत रेसिडेंटच्या हाती. या कारभारात सगळे वाईटच झाले असे आम्ही म्हणत नाही. जेंकिन्स कष्टाळू होता, हिशेबाला चोख होता आणि नागपूर प्रांतावरचा त्याचा अहवाल अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो. पण या कथेचे मर्म शेवटी आहे. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राजघराण्याने दत्तकाचा आग्रह धरला. खुद्द रेसिडेंट मॅन्सेलचा सूर गव्हर्नर-जनरलच्या सुराशी जुळत नव्हता. डलहौसीने हे सर्व बाजूला सारले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. त्याने दिलेले एक कारण वाचकांनी लक्षपूर्वक पाहावे. हे राज्य १८१८ मध्ये इंग्रज सरकारने तिसऱ्या रघूजींना कृपा म्हणून दिलेले आहे, असे तो म्हणाला. सबब घेणारा वारसाशिवाय मेला की देणाऱ्याने ते परत घ्यावे. एका महत्त्वाकांक्षी राजपुत्राने परक्याची पसंती मागितली, त्यापासून अडतीस वर्षांनी ती पसंती देणाऱ्याने राज्याचा हिशेब असा पुरा केला.

नागपूरकरांनी एकट्याने खाली मान घालण्याचे मात्र कारण नाही. पुण्याने हा धडा त्याआधीच गिरविला होता. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांना पेशवाई टिकविता येईना, तेव्हा मार्च १७७५ मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करून त्यांनी साष्टी व वसई देऊ केली आणि त्या बदल्यात फौज मागितली. नाना फडणिसांनी व बारभाईंनी ही पसंती मानली नाही. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रजांना नामुष्कीचा करार करावा लागला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात त्यांनी राघोबांची बाजू सोडली. इतके झाले तरी साष्टी इंग्रजांकडेच राहिली. उमेदवार पडला, पण त्याच्यासाठी ठरलेली किंमत वसूल झाली. पुढे याच राघोबादादांचा पुत्र दुसरा बाजीराव याने १८०२ च्या अखेरच्या दिवशी वसईला सही केली आणि इंग्रजी संगिनींच्या छायेत पुण्याची गादी परत मिळविली. ती किती दिवस टिकली हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे.

येथे कोणी म्हणेल, ‘‘संपादकमहाराज, ही फौजेची व तहनाम्यांची गोष्ट झाली. आम्ही तर नुसत्या मताविषयी बोलतो आहोत. परदेशी वर्तमानपत्राने चार ओळी छापल्या म्हणून काही तैनाती फौज येत नाही.’’ आक्षेप रास्त आहे. मत आणि संगीन यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणून आता लोकशाहीच्या काळातले, नुसत्या मताचे, आणि तेही महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ.

१९६२ च्या फेब्रुवारीत उत्तर मुंबईच्या मतदारसंघात कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची झुंज झाली. त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली याचा आनंद मराठी माणसाला किती झाला ते सांगणे नको. परंतु सुरक्षा समितीत अमेरिका, ब्रिटन व फ्रान्स यांनी भारताविरुद्ध ठरावाची बाजू घेतली, सात मते त्या बाजूने पडली, आणि सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारानेच तो ठराव अडला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी संरक्षणमंत्री मेनन यांना खलनायक ठरविले. निवडणुकीच्या ऐन धामधुमीत अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर आणले, ते काही कौतुकाने नव्हे. परिणाम काय झाला? पंडित नेहरूंनी आपली सारी प्रतिष्ठा मेनन यांच्या पाठीशी उभी केली, आणि मेनन जवळजवळ दीड लाख मतांच्या आघाडीने निवडून आले.

परकीयांना मुंबईच्या मतदाराने चांगली चपराक दिली, असे त्यावेळी पुष्कळांना वाटले. आम्ही त्या आनंदात आज सहभागी होऊ शकत नाही. कृपलानी हे काही परदेशी गोटातले प्यादे नव्हते. गांधीजींच्या चंपारणातल्या सत्याग्रहापासूनचे ते सहकारी, स्वातंत्र्य आले तेव्हाचे काँग्रेसचे अध्यक्ष. एप्रिल १९६१ मध्ये लोकसभेत त्यांनी मेनन यांच्या कारभारावर जो हल्ला चढविला त्याचा विषय गोवा नव्हता. सैन्यात गटबाजी माजली आहे, अधिकाऱ्यांचे मनोधैर्य खचते आहे, हिमालयाच्या सीमेकडे दुर्लक्ष होत आहे, हा होता. हा प्रश्न या देशाचा होता, या देशाच्या पुत्राने विचारला होता, आणि उत्तर मुंबईच्या मतदाराने त्याचा थंड डोक्याने विचार करावयास हवा होता. पण परदेशी निंदेचा रंग त्या प्रश्नाला असा काही चिकटला की मेननविरोधी बोलणे म्हणजे गोव्याच्या शत्रूंना साथ देणे, असे समीकरण सोयीस्करपणे रूढ झाले. २० ऑक्टोबर १९६२ ला चीनने आक्रमण केले. नोव्हेंबरात मेनन मंत्रिमंडळातून गेले आणि संरक्षण खाते सांभाळण्यास यशवंतराव चव्हाणांना महाराष्ट्रातून दिल्लीस जावे लागले. परदेशी वर्तमानपत्रे मेनन यांच्याविषयी ज्या कारणाने रुष्ट होती ते कारण चुकीचे होते. कृपलानी ज्या कारणाने रुष्ट होते ते खरे निघाले. या दोन रोषांत फरक करण्याची सवड मतदाराला मिळाली नाही. (पाच वर्षांनी, १९६७ मध्ये, त्याच मेनन यांना मुंबईत बर्व्यांनी आणि मग पोटनिवडणुकीत ताराबाई सप्रे यांनी हरविले, तेव्हा ‘आपला की परका’ याची व्याख्या आणखीच आकुंचित झाली होती, पण तो स्वतंत्र विषय आहे.)

परक्याचा शब्द मतदार ऐकतो तेव्हा नुकसान होते, आणि चिडून त्याच्या उलट वागतो तेव्हाही होते. दुसऱ्या प्रकारचे नुकसान आपल्याकडेच होते असे नाही. १९४६ मध्ये अर्जेंटिनात पेरॉन उभे होते. अमेरिकेचे तेथील माजी राजदूत ब्रेडन यांनी त्यांच्याविरुद्ध उघड मोहीम चालविली, मतदानाला काही दिवस उरले असताना अमेरिकन सरकारने आरोपांची एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. पेरॉन यांनी एवढेच विचारले : ब्रेडन की पेरॉन? आणि ते निवडून आले. २००४ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राने आपल्या वाचकांना अमेरिकेतील ओहायो राज्याच्या क्लार्क परगण्यातील मतदारांना खासगी पत्रे लिहिण्यास सांगितले. बुश यांना मत देऊ नका, अशी विनवणी करावी हा हेतू. इंग्लंडातल्या नामवंत लेखकांनी मोठ्या उत्साहाने लेखण्या सरसावल्या. तेथून उलटटपाली आलेली उत्तरे छापण्यासारखी नव्हती, तरी काही छापली गेली. २००० मध्ये जो परगणा बुश यांच्या विरोधात गेला होता तो या वेळी त्यांच्या बाजूने गेला. हे पत्रांमुळेच झाले असे कोणी सिद्ध करू शकणार नाही, परंतु पत्रलेखकांचा उद्देश सफल झाला असेही कोणी म्हणणार नाही.

मग परक्याच्या मताकडे कान बंदच करावेत काय? आम्ही तसे मुळीच म्हणत नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वर्तमानपत्रांवर प्रसिद्धिपूर्व नियंत्रण बसले, अग्रलेखांच्या जागा कोऱ्या राहू लागल्या, त्या दिवसांत आपल्याच देशात काय चालले आहे हे जाणून घेण्यासाठी घराघरांत बीबीसीचा रेडिओ हळू आवाजात लावला जात असे. ज्याने तो ऐकला तो देशद्रोही नव्हता. आणि मार्च १९७७ मध्ये निर्णय दिला तो लंडनने नव्हे, येथल्या मतदाराने. त्याच्याही आधी दादाभाई नौरोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले, लोकमान्य टिळक १९१८ मध्ये विलायतेस जाऊन स्वराज्याची बाजू मांडीत हिंडले. जगापुढे अन्यायाची साक्ष देणे वेगळे, आणि आमच्यावर राज्य कोणी करावे ते तुम्ही ठरवा असे जगाला सांगणे वेगळे. टिळकांनी पहिले केले, राघोबादादांनी दुसरे. परदेशी बातमीदार जी माहिती देतो ती खरी की खोटी, एवढेच पाहावे. खरी असेल तर ती परक्याने सांगितली म्हणून ती खोटी होत नाही. परंतु ‘अमक्याला निवडा’ हा तिच्याखाली जोडलेला सल्ला मात्र त्याच्या वाचकांसाठी असतो. त्याच्या सरकारचा, त्याच्या व्यापाराचा, त्याच्या देशातल्या वादांचा वास त्याला असतोच. त्या सल्ल्याचे फळ भोगावयास तो येथे नसतो.

खंत अशी की आमच्या राजकारण्यांनाच जेंकिन्सच्या दारी जाण्याची खोड अद्याप सुटलेली नाही. मार्च २००५ मध्ये अमेरिकेने गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना व्हिसा नाकारला. कोणाला आपल्या देशात येऊ द्यावे हा त्या सरकारचा अधिकार. त्याविषयी आम्हास काही म्हणावयाचे नाही. पण २०१३ च्या जुलैत काय दृश्य दिसले? भारतीय संसदेच्या ६५ सदस्यांच्या नावांची पत्रे प्रसिद्ध झाली; मोदींना व्हिसा देऊ नये अशी विनंती त्यांत अमेरिकेच्या अध्यक्षांना केलेली होती. आपण सही केलीच नाही, असे त्यांतले काही जण मागाहून सांगू लागले. आणि त्याच सुमारास भारतीय जनता पक्षाचे अध्यक्ष राजनाथ सिंह अमेरिकेत होते. व्हिसावरची बंदी उठवावी असा आग्रह आपण धरू, असे ते सांगत होते. एक म्हणतो देऊ नका, दुसरा म्हणतो द्या, याचक दोन्ही! २०१४ च्या मे महिन्यात भारतीय मतदाराने त्या व्हिसाकडे पाहून मत दिले नाही, आणि सप्टेंबरात तेच मोदी पंतप्रधान म्हणून न्यूयॉर्कला गेले तेव्हा वॉशिंग्टनलाही व्हिसाचा विषय आठवला नाही. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या सभेत आमच्या पंतप्रधानांच्या मुखातून ‘अब की बार ट्रम्प सरकार’ हे शब्द गेले. ते ट्रम्प यांच्याच जुन्या घोषणेचे स्मरण होते, असा खुलासा परराष्ट्रमंत्र्यांनी नंतर केला. खुलासा करावा लागला, यातच सर्व आले. दुसऱ्याच्या निवडणुकीत आपण बोलू नये, हा नियम आपल्याकडूनही पाळला गेला पाहिजे.

आता बेशाच्या त्या चिरंजीवांविषयी. त्यांच्यापाशी भारताचे पारपत्र असेल तर २०११ पासून त्यांना मतदारयादीत नाव नोंदविण्याचा हक्क आहे; मात्र मतदानाच्या दिवशी स्वतः येथे येऊन मत द्यावे लागते. त्यांनी जरूर यावे, आईवडिलांशी भांडावे, रांगेत उभे राहावे. ते परके नव्हेत. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले त्यांच्या मायेला, पैशाला, काळजीला या घरात जागा आहे, मतपेटीत नाही. कायदा हे अंतर ओळखतो, आपणही फोनवर बोलताना ओळखावे. आपल्या गल्लीतली नळयोजना, जिल्हा परिषदेची शाळा, वर्ध्याच्या रस्त्यावरची रोजची कोंडी यांविषयी तिकडच्या वर्तमानपत्रांत एक ओळही येत नाही, हे आईवडिलांनी त्यांना सांगण्यास हरकत नाही.

परंतु खरी चिंतेची बाब या फोनवरच्या बोलण्यात नाही. ती दिल्लीत आहे आणि तिच्याविषयी बेशाच्या अंगणात कोणी बोलत नाही. राजकीय पक्षांना, उमेदवारांना, आणि आम्हा संपादकांनादेखील, परदेशातून पैसा घेण्यास १९७६ च्या कायद्याने बंदी घातली. २०१० च्या नव्या कायद्यानेही ती कायम ठेवली. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भाजप आणि काँग्रेस या दोन्ही पक्षांनी हा कायदा मोडला असल्याचा निर्णय दिला, कारण एका विलायती कंपनीच्या मालकीच्या येथील कंपन्यांकडून दोघांनीही देणग्या घेतल्या होत्या. दोन्ही पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले. तेवढ्यात २०१६ च्या वित्त कायद्याने ‘परदेशी’ या शब्दाची व्याख्याच बदलली, आणि तीही मागील तारखेपासून, २०१० पासून. त्या बदलाकडे बोट दाखवून दोघांनी आपापली अपिले काढून घेतली. जुन्या कायद्याखालचा दोष तरीही उरत होता. म्हणून २०१८ च्या वित्त विधेयकात आणखी एक कलम घालून ती तारीख थेट ५ ऑगस्ट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आली. लोकसभेत १४ मार्च २०१८ रोजी गोंधळात, चर्चेविना, आवाजी मतदानाने ते विधेयक मंजूर झाले. एरवी परदेशी हाताच्या नावाने एकमेकांवर तुटून पडणारे हे दोन पक्ष या एका कलमाबाबत मात्र सख्ख्या भावांसारखे शांत राहिले.

परदेशातल्या एखाद्या संपादकाने टीकेच्या चार ओळी लिहिल्या की राष्ट्राचा अपमान झाला म्हणून सभा गाजवावयाच्या, आणि परदेशी मालकीच्या कंपनीचा धनादेश बेचाळीस वर्षे मागे जाऊन कायदेशीर करून घ्यावयाचा, ही कोणत्या प्रकारची स्वाभिमानाची व्याख्या? शब्द परका असेल तर मतदार तो वाचून फेकून देऊ शकतो. पैसा परका असेल तर तो मतदाराला दिसतही नाही. १८१६ च्या मे महिन्यात सही झाली ती दरबाराला अंधारात ठेवूनच.

म्हणून आमची मागणी साधी व स्पष्ट आहे. २०१६ आणि २०१८ च्या वित्त कायद्यांतून घुसविलेली ती दोन कलमे रद्द करण्याचे स्वतंत्र विधेयक संसदेत आणावे, त्यावर दिवसाउजेडी चर्चा व्हावी आणि आवाजी नव्हे तर नोंदलेले मतदान व्हावे. नागपूरच्या आणि विदर्भाच्या प्रत्येक खासदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या मतदारांनी हे पत्राने विचारावे. बेशाच्या त्या दोघा गृहस्थांनी एकाच पत्रावर सही केली तर अधिकच बरे; पत्र लिहिण्यास फारसा वेळ लागत नाही, आणि खासदारांची कार्यालये बेशापासून काही न्यू जर्सीइतकी लांब नाहीत.